रायफलचं चेंबर पुंगळीला चरे पाडतंय, काडतूस अडकतंय – ईशापूर २ए१

पिट्सबर्गकर:

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. माझ्याकडे ईशापूरची २ए१ आहे, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीचाच (ली एनफिल्ड रायफलचा) सांगाडा पण ७.६२ नाटो काडतुसाची. १९६२ च्या चीन युद्धानंतर एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) सगळीकडे पोचेपर्यंत मधली सोय म्हणून या बनवल्या, पुढे सरप्लस होऊन बऱ्याच अमेरिकेत आल्या. इथे पेन्सिल्वेनियात एका दुकानात आरएफआयचा (रायफल फॅक्टरी ईशापूर) शिक्का दिसला आणि मला ती तिथे सोडून येववेना, रीतसर कागदपत्रं करून घरी आणली.

तर अडचण अशी की मॅगझिनमधून काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ढकलताना बोल्ट, म्हणजे ते ढकलून मागून बंद करणारा दांडा, शेवटी जड होतो, आणि बार उडाल्यावर हँडल बोटांनी उचलत नाही, तळहाताने खालून फटका मारावा लागतो. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, बाहेर आली की तिच्यावर दोन तऱ्हेच्या खुणा दिसतात. एक लांब उभा चरा, खांद्यापासून (पुंगळी मानेकडे अरुंद होते तिथून) जवळजवळ बुडापर्यंत, इतका खोल की नख अडकतं. दुसरं म्हणजे बुडाच्या वरच्या भागात एका बाजूला खरखरीत ठिपके ठिपके. नवीन फॅक्टरीची काडतुसं असोत की मी घरी परत भरलेली असोत, दोन्हीला तेच. रेंजवर एकाने सांगितलं की ड्रिलला एमरी पेपर गुंडाळून चेंबरमध्ये फिरव, दोन मिनिटांत गुळगुळीत होईल. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाहीये. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा सीझन सुरू होतो, तोपर्यंत व्हावं अशी इच्छा.

लेथवाला_भोसरी:

तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे, ड्रिल अजिबात लावू नका. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, बंदुकांचं काम केलेलं नाही पण रीमरने (भोक मापाचं करायच्या हत्याराने) केलेलं टेपर, एका टोकाकडे अरुंद होत जाणारं भोक म्हणजे काय ते चांगलं माहितीये. ७.६२ चं चेंबर बुडाला साधारण ०.४७ इंच असतं आणि खांद्याजवळ ०.४५४ च्या आसपास, म्हणजे सरळ भोक नाही. ड्रिलवरचा एमरीचा गुंडाळा तो टेपर बघत नाही, जिथे दाब पडेल तिथे खातो आणि मधेच पोट काढतो. एकदा पोट निघालं की बार उडताना पुंगळी त्या पोटात फुगून बसणार आणि बाहेर यायला पुढचा भाग अरुंद, मग आत्ता तळहात लागतोय तर उद्या हातोडा लागेल. आणि काढलेलं मटेरियल परत घालता येत नाही, नवीन नळी हाच उपाय उरतो.

आधी शोधा की चरा आत जाताना पडतोय का बाहेर येताना. त्यासाठी डमी बनवा, म्हणजे साइझ केलेली (साच्यात दाबून परत मापात आणलेली) पुंगळी आणि गोळी, आत दारू नाही प्राइमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नाही. खऱ्या काडतुसावर हे प्रयोग घरात करू नका. डमीला सगळीकडून काळं मार्कर फासा. एकदा बोल्ट काढून हाताने सरळ चेंबरमध्ये सोडा, आपल्या वजनाने टक् करून बसली पाहिजे आणि नळी वर उचलली की घसरून बाहेर आली पाहिजे. मग तीच परत रंगवून मॅगझिनमधून बोल्टने चढवा. दोन्हीकडे शाई कुठे खरवडली ते बघा, वरची बाजू कुठली ते बुडावर एक टिंब करून लक्षात ठेवा म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा सांगता येईल.

हाताने सोडल्यावर काही नाही आणि मॅगझिनमधून चरा आला तर दोष चेंबरचा नाहीच, मॅगझिनच्या ओठाला (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडेला) किंवा चेंबरच्या तोंडाला बर, म्हणजे धातूची उचललेली धार, असणार.

सह्यवारा:

मला रायफलमधलं काही कळत नाही तरी वाचतोय. पण पुंगळी चिकटते कशी? गोळी तर पुढे निघून जाते ना?

लेथवाला_भोसरी:

गोळी जाते पण तिच्यामागच्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट दाबलं जातं. असं चिकटणं हवंच असतं, त्यामुळेच गॅस मागे येत नाही. दाब उतरला की पितळ स्प्रिंगसारखं थोडं आत येतं आणि सुटतं. भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर पितळ त्या खड्ड्यांत शिरतं आणि मग बाहेर येताना घासटत येतं. ठिपके ठिपके म्हणतायत ते मला तसंच वाटतंय.

जुना_कॅडेट:

२ए१ बघून बरं वाटलं. आम्ही एनसीसीत थ्री नॉट थ्री साफ करायचो. कुंद्याच्या पितळी झाकणामागे तेलाची बाटली आणि पुल थ्रू (नळीतून ओढायची दोरी), त्याच्या फासात फ्लॅनेलेटची चिंधी, फोर बाय टू म्हणायचे त्या मापाला. उस्ताद एक गोष्ट कायम सांगायचे आणि ती इथे कामाची आहे असं मला वाटतं. पुल थ्रूची चिंधी नळीच्या मापाची असते. ती चेंबरमधून जाते खरी पण चेंबर नळीपेक्षा कितीतरी रुंद, त्यामुळे भिंतीला टेकतच नाही. शंभर वेळा ओढली तरी नळी लखलखीत आणि चेंबर तसंच घाण. फौजेत त्यासाठी वेगळी लाकडी चेंबर स्टिक असायची, टोकाला खाच, त्यात चिंधी अडकवून चेंबरात घालून फिरवायची. पिट्सबर्गकर, तुमच्या रायफलला ती कधी लागली असेल का शंकाच आहे. सरप्लस रायफली ग्रीस थापून ठेवलेल्या असतात, वरवर पुसलेलं ग्रीस चेंबरमध्ये राहतं आणि चार फैरी झाल्या की तापून भाजून वार्निशसारखं घट्ट बसतं.

मेलबर्नची_मंजू:

कॅडेटकाकांशी शंभर टक्के सहमत. मी इथे क्लबमध्ये थ्री नॉट थ्रीने टारगेट मारते, आमच्याकडे बोल्ट जड झाल्याची तक्रार आली की सगळ्यात आधी चेंबर धुवायला सांगतात.

धुण्याचं सांगते. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढा. ली एनफिल्डला मागून सरळ रस्ता आहे, हे फार सोयीचं. पिस्तुलाचा .४५ चा ब्राँझ ब्रश ७.६२ च्या चेंबरला चांगला घट्ट बसतो, तो आखूड रॉडवर लावा. आधी हेअर ड्रायरने चेंबरचा भाग बाहेरून कोमट करा म्हणजे ग्रीस मऊ पडेल, मग मिनरल स्पिरिट्स किंवा रॉकेल, भिजू द्या, ब्रश फिरवा, चिंधीने पुसा, चिंधी तपकिरी येणं बंद होईपर्यंत परत परत. त्यानंतर कार्बनचं सॉल्व्हंट लावून पुन्हा तेच. खिडक्या उघड्या ठेवा आणि सॉल्व्हंटचा वास जाईपर्यंत हेअर ड्रायर परत हातात घेऊ नका.

पण त्याच्याआधी एक काळजीची गोष्ट. उडवलेल्या पुंगळीवर बुडाच्या थोडं वर गोल फिरणारी चकचकीत रेघ दिसतेय का? पेपर क्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वाकवा आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर ओढत आणा. एखाद्या जागी खाच लागली तर पुंगळी तिथे आतून ताणून पातळ झालीये. ली एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो, थोडा दबतो, त्यात परत परत भरलेल्या पुंगळ्या लवकर ताणतात आणि एखाद्या दिवशी बूड वेगळं होऊन पुढचा अर्धा तुकडा चेंबरमध्येच राहतो. मग पुढचं काडतूस आत जातच नाही आणि माणूस जोर लावत बसतो. तसा जोर कधीच लावायचा नाही. तुटका तुकडा काढायचं वेगळं हत्यार मिळतं.

आणि प्राइमर बघा. चपटे, कडेपर्यंत पसरलेले दिसत असतील तर दाब जास्त आहे. बोल्ट जड होण्याचं कारण दारू असेल तर चेंबर पॉलिश करून काहीच साधणार नाही, उलट खूण झाकली जाईल.

पिट्सबर्गकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

तपासून आलो. प्राइमर गोल कडेचे आहेत, चपटे नाहीत. पेपर क्लिपने बघितलं, नवीन फॅक्टरीच्या पुंगळ्यांत काही नाही, पण बऱ्याच वेळा भरलेल्यांपैकी काहींत हलकी खाच लागली, त्या सगळ्या चेपून भंगारात टाकल्या. मंजूताई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी बघितलंच नसतं.

डमीचा प्रयोग: हाताने सोडली तर शेवटच्या पाव इंचाला अडखळते, अंगठ्याने दाबली की बसते, उभा चरा नाही, शाई मात्र सहा वाजताच्या बाजूला बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी गेली. मॅगझिनमधून चढवली की उजव्या बाजूला उभा चरा, दर वेळी तिथेच. लेथवालेकाका, म्हणजे तुम्ही म्हणालात तसे दोन वेगळे आजार निघाले. मॅगझिनच्या उजव्या ओठाच्या आतून टिश्यू पेपर फिरवला तर धागे अडकले.

लेथवाला_भोसरी:

छान काम केलंत. ओठ हे तुम्ही स्वतः करू शकता. बारीक ऑइल स्टोन किंवा ६०० चा पेपर आइसक्रीमच्या काडीवर चिकटवून फक्त आतली धार मोडा, कानस लावू नका. ओठ वाकवू तर बिलकुल नका, ओठांमधलं अंतर बदललं की काडतूस वर येण्याचा कोन बदलतो आणि नवीन दुखणं सुरू. ७.६२ च्या पुंगळीला थ्री नॉट थ्रीसारखी बाहेर आलेली कड नाही म्हणून २ए१ चं मॅगझिन वेगळं चौकोनी आहे आणि बारा काडतुसांचं आहे, त्याला थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन घालून बघू नका कोणी सांगितलं तरी.

सहा वाजताचे ठिपके म्हणजे गंज. रायफल वर्षानुवर्षं आडवी ठेवलेली असेल तर ओल खालच्या बाजूला साचते. आधी धुवा, मग बोलू.

भुसावळकर:

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. तुमच्या त्या रेंजवर बुडावर ओएफव्ही लिहिलेल्या पुंगळ्या कधी सापडल्या तर ते आमचं वरणगाव आहे बरं का. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव, भुसावळपासून जवळच. केएफ असेल तर खडकी. आमच्या घरातली दोन माणसं वरणगावच्या फॅक्टरीत होती, लहानपणी सायरनवर घड्याळ लावायचो. २०२१ पासून वरणगाव आणि खडकी दोन्ही म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेल्या.

पिट्सबर्गकर:

अहो, एक ओएफव्हीची पुंगळी माझ्या टेबलावर आहे, रायफलबरोबर त्या दुकानदाराने दिली होती. ही अक्षरं कशाची ते आज कळलं. फार आनंद झाला.

बालेवाडी_५०मी:

मी पॉइंट टू टू मारते, ५० मीटर. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं ना, तो हाच प्रकार. आमच्याकडे पण काडतूस चेंबरला अडकायचं दुखणं येतं पण कारण वेगळं असतं, ते सांगते कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पॉइंट टू टूचं प्राइमर बुडाच्या कडेत असतं, त्यामुळे फायरिंग पिन कडेवर मारते. आत काही नसताना ट्रिगर दाबत बसलं तर काही रायफलींमध्ये पिन सरळ चेंबरच्या तोंडावर आपटते, तिथलं लोखंड दबून आतल्या बाजूला उचलून येतं, आणि मग प्रत्येक पुंगळीला त्याच जागी चरा. माझ्या क्लबच्या एका जुन्या रायफलला हेच झालंय असं मला वाटतंय. ते घासून काढायचं का?

लेथवाला_भोसरी:

घासू नका ताई. तिथे मटेरियल जास्त झालेलं नाही, फक्त जागेवरून हललंय. त्यासाठी चेंबर आयर्निंग टूल म्हणून मिळतं, कडक पॉलिश केलेली टेपर पिन, ती चेंबरमध्ये दाबून फिरवली की आत आलेलं लोखंड परत बाहेर सरकतं, काही कापलं जात नाही. आमच्या भाषेत बर्निशिंग.

जुना_कॅडेट:

आणि भारतात आहात तर हे काम परवाना असलेल्या गनस्मिथकडून किंवा क्लबच्या आर्मररकडूनच करून घ्या. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये दुरुस्तीसुद्धा येते, फक्त बनवणं आणि विकणं नाही. पिट्सबर्गकर करतायत ते तिथल्या कायद्याने ठीक, इथल्या वाचकांनी अनुकरण करू नये.

बालेवाडी_५०मी:

हो हो, आर्मररलाच दाखवणार आहे. पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते आता कळलं.

नाशिकचा_गण्या:

एक शंका, चेंबरला थोडं तेल लावून ठेवलं तर पुंगळी आपोआप सुटेल की, एवढा खटाटोप कशाला?

मेलबर्नची_मंजू:

नको. मगाशी काकांनी सांगितलं ना की पितळ भिंतीला धरून बसतं, ते धरणं बोल्टवरचा बराच भार कमी करतं. तेल लावलं की पितळ धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर जातो. ली एनफिल्डसारख्या मागून लॉक होणाऱ्या बोल्टला तर हे मुळीच चालत नाही. ठेवताना गंज येऊ नये म्हणून तेल लावा, पण मारायच्या आधी चेंबर कोरडं पुसलंच पाहिजे. याच कारणाने चेंबर आरशासारखं चकचकीत करणंही बरोबर नाही, हलकी पकड राहायला हवी.

पिट्सबर्गकर:

अपडेट. धुतलं. पहिल्या चिंध्या अक्षरशः गुळाच्या रंगाच्या आल्या, आणि ब्रशवर पापुद्रे निघाले. कॅडेटकाका, तुमच्या उस्तादांना माझा सलाम सांगा. साफ झाल्यावर डमी अडखळायची बंद झाली, सरळ टक् करून बसते आणि नळी वर केली की बाहेर येते. ओठाची धारही मोडली, आता मॅगझिनमधून चढवलं तर शाई जराशी पुसली जाते, चरा नाही.

रेंजवर जाऊन आलो. हँडल पूर्वीपेक्षा खूपच हलकं, तरी मधूनमधून एखादी पुंगळी चिकटते आणि सहा वाजताचे ठिपके आहेतच. टॉर्च लावून बघितलं तर खाली एक काळपट पट्टा दिसतो, खड्डे आहेत. आता?

लेथवाला_भोसरी:

आता गनस्मिथ. सेरोसेफ नावाचा धातू ओतून चेंबरचं कास्टिंग (ठसा) काढून घ्या, म्हणजे खड्डे किती खोल ते डोळ्यांनी दिसेल आणि मापं घेता येतील. हा धातू उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानालाच वितळतो, ७० ते ८८ अंश सेल्सियसमध्ये. ओतल्यावर आधी आकसतो म्हणून चेंबरमधून निघतो, मग हळूहळू परत फुगतो आणि साधारण तासाभराने बरोबर चेंबरच्या मापाचा होतो. माप तेव्हाच घ्यायचं. त्यात शिसं आणि कॅडमियम आहे, उघड्या हाताने हाताळू नका, पोरांपासून लांब.

मेलबर्नची_मंजू:

आणि त्याच फेरीत हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर) तपासून घ्या, पण गेज (ते अंतर मोजायचे ठोकळे) नाटोचे वापरायला सांगा. .३०८ विंचेस्टरचे (याच मापाच्या बाजारातल्या काडतुसाचे) गेज लावले तर नाटोचं चांगलं चेंबरसुद्धा लांब दाखवेल, कारण नाटोची मर्यादा थोडी सैल आहे. बोल्ट आणि रिसीव्हरवरचा नंबर एकच आहे ना तेही बघा. शिवाय ही रायफल ७.६२ नाटोसाठी आहे, दुकानातली जोरदार .३०८ तिला देऊ नका, तुमचे लोडही सौम्य ठेवा.

पिट्सबर्गकर:

नंबर एकच आहेत. गनस्मिथकडे वेळ घेतलीये.

…

सगळं झालं, सविस्तर लिहितो. हेडस्पेस नाटोच्या गेजप्रमाणे ठीक निघाला, बोल्ट नो-गो वर (कमाल मर्यादेच्या गेजवर) बंद झाला नाही. कास्टिंगवर खालच्या बाजूला खड्ड्यांचे उंचवटे स्पष्ट दिसले, म्हणजे जो चेंबरमध्ये खड्डा तो कास्टिंगवर फोड. बहुतेक उथळ, दोनतीन खोल. गनस्मिथ म्हणाला की खोल खड्डे पूर्ण काढायचे तर चेंबर मोठं होईल, ते मी करणार नाही, फक्त खड्ड्यांच्या उभ्या राहिलेल्या कडा बसवतो, त्यामुळेच पितळ अडकतंय.

त्याने आधी नळीच्या सुरुवातीला घट्ट चिंधी ठोसली, म्हणजे घासलेली भुकटी रायफलिंगमध्ये जायला नको. मग टेपर दिलेला लाकडी दांडा, टोकाला करवतीची चीर, त्यात ४०० चा पेपर तेलात भिजवून, आणि हातानेच पुढेमागे करत हलकेच फिरवला, फक्त पुंगळीच्या अंगाच्या भागात, खांदा आणि मान यांना शिवलासुद्धा नाही. थोडं घासायचं, धुवायचं, डमी घालून बघायचं, परत थोडं. शेवटी ६०० चा एक हात. लेथवालेकाका, तुम्ही असता तर खूष झाला असता, ज्या सावकाशीने तो काम करत होता ते बघण्यासारखं होतं. नंतर पुन्हा कास्टिंग काढलं, व्यासात मोजण्याइतका फरक नाही.

काल रेंजवर गेलो. हँडल दोन बोटांनी उठतं, पुंगळी एक्स्ट्रॅक्टरने उचलून बाहेर फेकली जाते, फटका लागत नाही. ठिपक्यांची पुसट सावली अजून पुंगळीवर येते पण नख अडकत नाही.

एक विचारायचं राहिलं, जुन्या चरे पडलेल्या पुंगळ्या परत भरू का?

मेलबर्नची_मंजू:

वा, फार छान झालं. नख अडकेल असा उभा चरा असेल तर टाकून द्या, पितळ तिथे कमजोर झालंय आणि साइझिंग डायलाही चरा पडू शकतो. पुसट असेल तर चालेल. भरताना लांबी बघत जा, २.०१५ इंचाच्या वर गेली की ट्रिम करून २.००५ वर आणा. मान लांब झालेली पुंगळी चेंबरच्या पुढच्या टोकाला टेकून गोळीला दाबून धरते, दाब वाढतो आणि बोल्ट परत जड होतो, मग तुम्ही पुन्हा चेंबरला दोष द्याल. आणि साइझिंग करताना खांदा गरजेपेक्षा मागे ढकलू नका, दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) पुरे, म्हणजे बुडाशी ताणणं कमी होईल.

बालेवाडी_५०मी:

आमच्या आर्मररनी बघितलं, बारा वाजताच्या जागी तोंडाशी उचललेली कडच निघाली. आयर्निंग टूलने बसवली, आता पुंगळी चरा न पडता सुटते. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारायचा नाही अशी पाटी लावलीये आता रॅकवर. काका, धन्यवाद.

लेथवाला_भोसरी:

झकास. पिट्सबर्गकर, दुसऱ्या कास्टिंगची मापं कागदावर लिहून रायफलच्या कागदपत्रांत ठेवा, बुडाचा व्यास, खांद्याजवळचा व्यास, आणि मोठे खड्डे कुठे आहेत ते. नुसतं कास्टिंग ठेवून चालणार नाही, ते पुढच्या काही दिवसांत अजून थोडं फुगतं, त्यामुळे नंतर त्यावरून घेतलेलं माप चुकीचं येईल. हरणाच्या सीझनमध्ये बर्फापावसात रायफल ओली होईलच, घरी आल्यावर चेंबर स्टिकने कोरडं करून तेलाचा हात फिरवा, आणि ठेवताना आडवी नको, नळी खाली करून उभी ठेवा म्हणजे जास्तीचं तेल चेंबरात न साचता नळीच्या तोंडाकडे निथळेल.